पहिलं स्टडी बायबल निवडताना

स्टडी बायबलचं कुठलंही पान उघडा. मध्यावर किंवा जरा खाली एक बारीक आडवी रेघ दिसते. रेघेच्या वर मोठ्या टायपात बायबलचा मूळ मजकूर आणि रेघेच्या खाली बारीक टायपात टिपा. वरचा मजकूर दोन हजार वर्षांच्या आसपासचा, काही ठिकाणी त्याहूनही कितीतरी जुना. खालचा गेल्या काही दशकांत कुणा प्राध्यापकाने किंवा पाळकाने लिहिलेला. दोन्ही एकाच कागदावर, एकाच पुठ्ठ्यात, एकाच नावाखाली. नवा वाचक त्या रेघेशी कसा वागतो यावर त्याचं पुढचं सगळं वाचन ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या वाचनगटातल्या एका मैत्रिणीने मध्यंतरी तिची प्रत मला दाखवली. मन लावून वाचलेली, कोपरे मऊ झालेली प्रत. पानोपानी पिवळ्या हायलायटरच्या खुणा होत्या आणि जवळजवळ एकूण एक खूण रेघेच्या खाली होती. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढला. इतका भरलेला, इतका उंच जाणारा अध्याय, पण वर पेन्सिलीचा ठिपकासुद्धा नव्हता. खाली मात्र टिपांचे परिच्छेदच्या परिच्छेद पिवळे झालेले. मला त्यात तिचा दोष दिसला नाही. टिपा सोप्या होत्या, वचनं अवघड होती आणि माणूस सोप्याकडे वळतोच. पण गटात ‘बायबलमध्ये असं म्हटलंय’ म्हणून ती जे सांगायची, ते पुष्कळदा टिपेतलं असायचं. हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून ‘कुठलं स्टडी बायबल घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी नाव सांगायची घाई करत नाही. आधी त्या माणसाबरोबर बसून दोन-तीन प्रतींमधलं रेघेखालचं वाचते.

टिपा नकोतच, नुसतं बायबल वाचावं, असं म्हणणारी माणसं मला भेटतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल आदर आहे, पण त्यांचं म्हणणं पटत नाही. खुद्द बायबलमध्येच याचं उत्तर आहे. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. इथिओपियाच्या राणीचा एक मोठा अधिकारी यरुशलेमेहून रथातून परत निघालाय आणि यशयाचा ग्रंथ वाचतोय. येशूचा संदेश सांगत फिरणारा फिलिप्प धावत रथाशी जातो आणि विचारतो, जे वाचताय ते समजतंय का? अधिकारी म्हणतो, कुणी वाट दाखवल्याशिवाय मला कसं समजणार? आणि तो फिलिप्पाला रथात शेजारी बसवून घेतो. शिकलेला, अधिकारी, ग्रंथ हातात असलेला माणूस हे म्हणतो. त्याच्याही आधी, नहेम्याच्या आठव्या अध्यायात, एज्रा लोकांपुढे नियमशास्त्र वाचतो तेव्हा मंदिरसेवा करणारे लेवी त्याचा अर्थ लोकांना उलगडून सांगतात. वाचणं आणि उलगडणं हे पहिल्यापासून जोडीनेच चालत आलंय. मराठी वाचकाला तर सार्थ, सटीप ग्रंथांचं नवल वाटायचं कारणच नाही.

पण फिलिप्प रथात बसला आणि काम झाल्यावर उतरून गेला. छापील टीप उतरून जात नाही. ती कायम तिथेच असते, आणि सवयीने तिला वरच्या मजकुराचं वजन येतं. हे धोक्याचं आहे याची जाणीव राजेलोकांनाही होती. १५६० साली जिनीव्हात इंग्लंडमधून परागंदा झालेल्या प्रोटेस्टंट विद्वानांनी एक इंग्रजी बायबल छापलं, ते जिनीव्हा बायबल म्हणूनच ओळखलं जातं. आजच्या स्टडी बायबलमध्ये जे जे असतं त्याचा बराचसा भाग त्यात होता. वचनांना क्रमांक, प्रत्येक पुस्तकाआधी प्रस्तावना, नकाशे, आणि समासात भरगच्च टिपा. आकार बेताचा, घरात ठेवता येईल असा. लोकांनी ते उचलून धरलं. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स मात्र त्या टिपांवर भयंकर चिडला होता. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात मिसरचा राजा फारो इब्री सुइणींना मुलगे मारून टाकायचा हुकूम देतो आणि त्या तो मोडतात. जिनीव्हाच्या टिपेत लिहिलं होतं की त्यांनी राजाचा हुकूम मोडला ते योग्यच होतं, खोटं बोलल्या ते मात्र वाईट. राजाला हे कसं रुचावं? १६०४ साली हॅम्प्टन कोर्टच्या परिषदेत त्याने या टिपांवर सडकून टीका केली, आणि पुढे १६११ मध्ये जे किंग जेम्स बायबल निघालं त्यात हिब्रू-ग्रीक शब्दांच्या खुलाशापलीकडे टिपा घालायच्या नाहीत असा नियमच होता. सुइणींची गोष्ट वर जशीच्या तशी राहिली. राजाला सलत होती ती समासातली एक ओळ.

दुसरं उदाहरण याच्या उलट टोकाचं. सायरस स्कोफील्ड नावाच्या पाळकाचं टिपांसहित बायबल १९०९ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं. देवाने मानवी इतिहासाची सात युगांत विभागणी केली आहे, त्यातलं शेवटचं जवळ आलंय, अशी एक विशिष्ट मांडणी त्याच्या टिपांमधून सलग येते. विश्वाची निर्मिती इसवी सनापूर्वी ४००४ साली झाली हा आर्चबिशप अशर यांचा सतराव्या शतकातला हिशोबही अनेकांनी पहिल्यांदा तिथेच वाचला. ही मांडणी ख्रिस्ती विचारातल्या अनेक प्रवाहांपैकी एक आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या जे लोक हेच एक बायबल वाचत मोठे झाले, त्यांना ती ‘एक मांडणी’ वाटलीच नाही. त्यांच्या दृष्टीने बायबल म्हणजे तेच. स्कोफील्डच्या निष्ठेवर मला शंका नाही. त्याने मेहनत प्रचंड घेतली होती. एका माणसाच्या मेहनतीला केवढी ताकद येऊ शकते, एवढंच मला दाखवायचंय.

म्हणून निवडताना माझा पहिला प्रश्न असतो, ही टीप कोण लिहितंय आणि ते कोण आहे हे ती प्रत सांगते का? चांगल्या स्टडी बायबलमध्ये सुरुवातीलाच टिपाकारांची नावं असतात. कुणी कुठल्या पुस्तकाचं काम केलं हे असतं, संपादकांची भूमिका एक-दोन पानांत मांडलेली असते. ती पानं लोक उलटून पुढे जातात. मी आग्रहाने तीच आधी वाचायला लावते. ‘आम्ही या परंपरेतून वाचतो’ असं उघड सांगणारी प्रत मला ‘आम्ही कुठल्याच बाजूचे नाही’ म्हणणाऱ्या प्रतीपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

भाषांतराचा प्रश्न याच्या आधी येतो, पण तो लवकर सुटण्यासारखा आहे. इंग्रजीत वाचणार असाल तर भाषांतरांच्या एका टोकाला मूळ वाक्यरचनेला चिकटून राहणारी आहेत, एनएएसबी किंवा ईएसव्हीसारखी. दुसऱ्या टोकाला अर्थ आजच्या सरळ भाषेत सांगणारी, एनएलटीसारखी. एनआयव्ही आणि सीएसबी मधली वाट धरतात. विद्यापीठांत एनआरएसव्ही जास्त चालतं. नवशिक्याने मधलं किंवा सोप्याकडे झुकणारं घ्यावं. एकच कसोटी पुरे. यशयाचा एखादा अध्याय मोठ्याने वाचून बघा. वाक्याच्या मध्यावर दम लागून मागे जावं लागत असेल तर ते भाषांतर आत्ता तुमच्यासाठी नाही. किंग जेम्सची भाषा मला अतोनात प्रिय आहे, पण चारशे वर्षांपूर्वीची भाषा आणि तीन हजार वर्षांपूर्वीचं जग अशी दोन ओझी एकदम उचलायला लावणं हा नव्या वाचकावर अन्याय आहे. मराठीतून वाचायचं असेल तर वचन मराठीत आणि टिपांसाठी शेजारी इंग्रजी प्रत, अशी जोडी लावता येते. वचनांचे क्रमांक थोड्या अपवादांनी जुळतात, त्यामुळे शोधाशोध फार होत नाही. शिवाय या पद्धतीत मूळ मजकूर आणि टीप दोन वेगळ्या पुस्तकांत राहतात, ही मला त्यातली मोठी सोय वाटते.

आणखी एक गोष्ट विकत घेण्याआधी बघायलाच हवी. आत पुस्तकं किती आहेत? प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६, कॅथलिक बायबलमध्ये ७३, ऑर्थोडॉक्स परंपरेत त्याहून जास्त. तोबित, यहूदीथ, मक्काबी ही पुस्तकं हवी असतील आणि प्रत ६६ वाली निघाली तर नंतर चुटपुट लागते.

आता खरी परीक्षा. दुकानात किंवा ओळखीच्या कुणाकडे प्रत हातात आली की मी ठरावीक काही जागा उघडते. पहिली, मत्तय १९:२४. धनवानाने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, हे येशूचं वाक्य. याबद्दल एक खुलासा फार लोकप्रिय आहे. यरुशलेमेच्या तटाला म्हणे ‘सुईचं नाक’ नावाचं एक बुटकं दार होतं, त्यातून जायचं तर उंटाला ओझं उतरवून गुडघ्यांवर सरपटत जावं लागे. ऐकायला सुंदर. प्रवचनात तर फारच शोभतं. पण त्या काळी असं दार होतं याचा कसलाही पुरावा नाही आणि हा खुलासा कित्येक शतकांनंतरचा आहे. त्याहून मोठी गोष्ट, पुढची दोनच वचनं वाचली तरी तो कोसळतो. शिष्य थक्क होऊन विचारतात, मग तारण तरी कुणाचं होणार? येशू सांगतो, माणसांना हे अशक्य आहे, देवाला सगळं शक्य आहे. दार नुसतं बुटकं असतं तर शिष्य एवढे हबकले कशाला असते, आणि ‘अशक्य’ हा शब्द आला कशाला असता? ज्या प्रतीची टीप त्या दाराची गोष्ट खरी म्हणून सांगते ती मी खाली ठेवते. जी म्हणते की अशा दाराचा पुरावा नाही, ही जाणूनबुजून केलेली अतिशयोक्ती आहे, पुढची वचनं पाहा, तिच्यावर माझा विश्वास बसायला लागतो. ‘पुढची वचनं पाहा’ हे तीन शब्द मला फार मोलाचे वाटतात. जी टीप वाचून झाल्यावर डोळे आपोआप रेघेच्या वर जातात, ती नवशिक्याला सगळ्यात जास्त शिकवते.

दुसरी जागा, प्रकटीकरण ३:१५-१६. लावदिकीयाच्या मंडळीला प्रभू म्हणतो, तू थंड नाहीस, गरम नाहीस, कोमट आहेस, म्हणून मी तुला तोंडातून थुंकून टाकणार आहे. टिपांशिवाय वाचलं की गरम म्हणजे आवेशी भक्त आणि थंड म्हणजे देवाला सोडून गेलेला, असा अर्थ सहज लागतो. मग प्रश्न पडतो की तू थंड असतास तरी बरं झालं असतं, असं प्रभू का म्हणतो? इथे नकाशा कामाला येतो. जवळच हेरापली, तिथे गरम पाण्याचे झरे. दुसरीकडे कलस्सै, तिथे थंडगार पाण्याचे ओढे. लावदिकीयात पाणी दुरून दगडी नळांतून आणलेलं. गरम पाणी दुखरं अंग शेकायला, थंड पाणी तहान भागवायला, आणि कोमट कशाच्याच कामाचं नाही. दोन्ही टोकं चांगलीच, मधलं निरुपयोगी, असा अर्थ लागतो आणि प्रश्न मिटतो. बऱ्याच स्टडी बायबलमध्ये ही टीप असते. मी त्यातही एक गोष्ट शोधते. ‘लावदिकीयाचं पाणी कोमट होतं’ हे टीप ठामपणे सांगते, की ‘बहुधा’ हा शब्द वापरते? कारण या खुलाशावर अलीकडच्या काही अभ्यासकांनी शंका घेतल्यात. पाण्याच्या नळांपेक्षा त्या काळच्या मेजवान्यांमधल्या गरम आणि गार पेयांकडे ते बोट दाखवतात. नव्या वाचकाला या वादात पडायची गरज नाही, पण ‘बहुधा’ या एका शब्दाने त्याला कळतं की पाय जरा जपून टाकायचाय.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटाशी मी थोडाच वेळ थांबते. सोळाव्या अध्यायाची ९ ते २० ही वचनं कोडेक्स सिनायटिकस आणि कोडेक्स व्हॅटिकॅनस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत नाहीत. तिथे शुभवर्तमान आठव्या वचनापाशी थांबतं. स्त्रिया कबरेपासून पळत सुटतात आणि घाबरलेल्या असल्यामुळे कुणाला काही सांगत नाहीत. आजची बहुतेक भाषांतरं हे कंसात किंवा तळटीपेत नोंदवतात. स्टडी बायबलने एवढ्यावर थांबू नये. हा फरक कसा पडला असेल, आणि मार्क खरोखर तिथेच थांबला असेल तर त्या शेवटाचा अर्थ काय, यावर चार ओळी हव्यात. नव्या वाचकाला हस्तलिखितांची गोष्ट सांगितली तर तो बिचकेल, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. उलट ही माहिती कुणी लपवली आणि नंतर ती बाहेरून कळली, की मग विश्वास उडतो.

फिलेमोनाला पत्र मात्र मी बसून वाचते, टिपांसकट, अथपासून इतिपर्यंत. २५ वचनांचं पत्र, एका बैठकीत प्रस्तावनेसह वाचून होतं, आणि त्यात टिपाकाराची सगळी जातकुळी कळते. पौल तुरुंगातून फिलेमोनाला लिहितोय. फिलेमोनाचा गुलाम अनेसिम पौलाकडे आलाय, त्याच्या सहवासात विश्वासात आलाय, आणि पौल त्याला परत पाठवतोय. दास म्हणून नको, दासापेक्षा श्रेष्ठ, प्रिय बंधू म्हणून स्वीकार, असं सोळाव्या वचनात आहे. आता टीप काय सांगते? अनेसिम पळून गेला होता हे पत्रात थेट लिहिलेलं नाही, ते वाचकांनी काढलेलं अनुमान आहे. टीप ते अनुमान म्हणून सांगते का? पौल रोमच्या तुरुंगात होता की इफिसच्या, यावर मतं वेगळी आहेत हे येतं का? रोमन जगातली गुलामी कशी होती, मालकाला केवढे अधिकार होते, हे सांगितलंय की ‘त्या काळची गुलामी तशी सौम्य होती’ म्हणून वाट काढलीये? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गुलामगिरीच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघेही हेच पत्र पुढे करत होते. पौल सरळ ‘त्याला मुक्त कर’ का म्हणत नाही, हा प्रश्न वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मनात येतो. जी टीप तो प्रश्न उच्चारते आणि त्याच्यापाशी थोडी थांबते, ती मला प्रामाणिक वाटते. फिलेमोनाच्या पत्राला अर्धं पान देऊन मोकळी होणारी प्रत बाकीकडे कितीही सजलेली असो, माझ्या नजरेतून उतरते.

आणि शेवटी स्तोत्र १३७. बाबेलच्या नद्यांकाठी आम्ही बसलो आणि रडलो, हे पहिलं वचन सगळ्यांना ठाऊक. शेवटच्या वचनात शत्रूची तान्ही बाळं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलंय, आणि ते वाचून नवा वाचक हादरतो. त्याने हादरलंच पाहिजे. टिपेने इथे त्याचा हात धरावा. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केलं, मंदिर जाळलं, माणसं कैद करून नेली. ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं त्यांचा हा आक्रोश आहे. तो देवापुढे मांडलेला आहे, आणि बायबलने तो पुसून टाकलेला नाही. एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं. शेवटचं वचन वगळून आठव्यावरच टिपा संपवणाऱ्या प्रती मी पाहिल्यात. त्या हातात घेऊन मला वाईट वाटतं, कारण वाचकाला जिथे सर्वांत जास्त गरज होती तिथेच त्याला एकटं सोडलेलं असतं.

या जागा तपासून झाल्या की नावं सांगायला माझी हरकत नसते. एनआयव्ही स्टडी बायबल १९८५ पासून चालत आलंय, २०२० मध्ये त्याची पूर्ण नव्याने तपासलेली आवृत्ती निघाली. इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलच्या अधिकारावर भर देणारी प्रोटेस्टंट दृष्टी, टिपा मध्यम लांबीच्या, प्रस्तावना नेटक्या. पहिल्या वाचनाला मला ते बरोबर वाटतं. २००८ चं ईएसव्ही स्टडी बायबल म्हणजे खजिना आहे. २७५२ पानं, वीस हजारांवर टिपा, दोनशेहून अधिक नकाशे. रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्व्हिनच्या प्रोटेस्टंट परंपरेतल्या विचाराकडे झुकणारं. अभ्यासात मुरलेल्याला आनंद देणारं, पण अगदी नव्या माणसाच्या हातात मी ते आधी देत नाही. काही पानांवर वर पाच-सहाच वचनं आणि खाली बारीक अक्षरांचा समुद्र असतो, त्यात तो बुडतो. एनएलटी स्टडी बायबलही २००८ चंच. भाषा सोपी असूनही टिपा उथळ नाहीत, म्हणून इंग्रजी बेताचं असणाऱ्यांना मी ते सुचवते. प्राचीन जग, चालीरीती, शेजारच्या राष्ट्रांच्या कथा यांची ओढ असणाऱ्याला २०१६ चं कल्चरल बॅकग्राउंड्स स्टडी बायबल गुंगवून टाकेल. विद्यापीठी, ऐतिहासिक दृष्टीने वाचायचं असेल तर न्यू ऑक्सफर्ड ॲनोटेटेड. विश्वास वाढवणं हा त्याचा हेतू नाही, मजकूर कसा घडला हे सांगणं हा आहे, आणि ते काम ते चोख करतं. दानीएलचं पुस्तक कधी लिहिलं गेलं, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात की दुसऱ्या, या एका प्रश्नावर त्याची प्रस्तावना आणि ईएसव्हीची प्रस्तावना वाचली तरी दोन्हींचा स्वभाव कळतो. कॅथलिक वाचकासाठी ऑक्सफर्डचंच कॅथलिक स्टडी बायबल आहे, १९९० पासूनचं. ऑर्थोडॉक्स स्टडी बायबलमध्ये जुना करार सेप्टुअजिंट या ग्रीक परंपरेवरून घेतलाय आणि टिपांत जुन्या मंडळीपित्यांचे आवाज आहेत. आणि २०११ चं ज्युइश ॲनोटेटेड न्यू टेस्टामेंट, एमी-जिल लेव्हिन आणि मार्क झ्वी ब्रेटलर यांनी संपादित केलेलं, ज्यात ज्यू विद्वान नव्या करारावर टिपा लिहितात. ते पहिलं पुस्तक म्हणून कुणी घेणार नाही, पण परूश्यांविषयी, येशूच्या काळातल्या त्या ज्यू धार्मिक पंथाविषयी, आपण किती सहज कठोर बोलतो हे ते वाचल्यावर मला जितकं जाणवलं तितकं दुसऱ्या कशाने जाणवलं नव्हतं.

‘नवशिक्यांसाठी’ असं मुखपृष्ठावर लिहिलेल्या प्रतींबद्दल थोडं. त्यातल्या काही उत्तम असतात. पण पुष्कळशा प्रतींत टिपांच्या जागी रोजच्या जगण्याला उद्देशून केलेला उपदेश असतो. आज तुम्ही कुणाला क्षमा कराल? तुमच्या आयुष्यातला गल्याथ कोण? अशा प्रश्नांना माझा विरोध नाही, चिंतनाला ते बरे. फक्त दावीद आणि त्याने गोफणीने पाडलेला धिप्पाड गल्याथ ज्या दरीत समोरासमोर उभे होते ती कुठे होती, पलिष्टी कोण होते, इस्राएली सैन्याला लोहारसुद्धा का नव्हता, हे कळायच्या आत गल्याथ आपल्या ऑफिसातली अडचण होऊन बसतो. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात त्या लोहारांची हकिगत आहे. ती वाचल्यावर गोफणीतल्या धोंड्याकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं जातं. नवशिका म्हणजे ज्याला माहिती कमी हवी असा माणूस नव्हे. त्याला माहिती योग्य क्रमाने हवी असते.

कागदाकडेही लक्ष असू द्या. बायबलचा कागद पातळ असतोच, पण मागच्या पानाची अक्षरं इतकी दिसू नयेत की ओळ हरवेल. टिपांचा टाइप घरच्या दिव्याखाली वाचता यायला हवा. बांधणी शिवलेली असेल तर उत्पत्तीचं पहिलं पानही सपाट उघडं राहतं, नुसती चिकटवलेली असेल तर पुस्तक पुन्हा पुन्हा मिटत राहतं आणि वर्षा-दोन वर्षांत पानं सुटतात. वचनाच्या शेजारी दिलेले परस्परसंदर्भ मात्र भरपूर असावेत. मला विचाराल तर टिपांपेक्षाही त्यांचा उपयोग जास्त, कारण तिथे बायबलच बायबलवर बोलतं. मत्तयाने यशया कुठे उचललाय, इब्री लोकांस पत्रात लेवीय कसं डोकावतं, हे कुणी समजावून न सांगता आपलं आपल्याला सापडतं. मोबाइलवरच्या आवृत्त्या शोधायला फार सोयीच्या आहेत, मीही वापरते. पहिलं सलग वाचन तरी कागदावर करावं असं मला वाटतं, कारण तिथे आपण पुस्तकात कुठवर आलो ते बोटांना कळत असतं.

प्रत घरी आली की पहिले काही दिवस टिपांवर एक कोरा कागद ठेवा, असं मी सगळ्यांना सांगते. मार्कपासून सुरुवात करा. १६ अध्याय, शुभवर्तमानांतलं सगळ्यात छोटं, दीड-दोन तासांत वाचून होतं. आधी फक्त वरचं वाचा, अडेल तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा, आणि थांबू नका. मग दुसऱ्या वाचनात कागद काढा आणि आपल्याच प्रश्नचिन्हांची उत्तरं टिपांत शोधा. काही मिळतील, काही मिळणार नाहीत, काही उत्तरं पटणार नाहीत. आमच्या त्या मैत्रिणीने हे करून पाहिलं तेव्हा तिला सर्वांत जास्त आश्चर्य वाटलं ते याचं, की तिला पडलेल्या प्रश्नांतल्या अनेकांना टिपाकाराने हातच लावला नव्हता. आता ती गटात ‘टीप असं म्हणते’ आणि ‘मार्क असं म्हणतो’ ही दोन वाक्यं वेगळी बोलते. मार्कनंतर तिने रूथ घेतलं, मग प्रेषितांची कृत्ये, हातात पौलाच्या प्रवासांचा नकाशा धरून.

अशी सवय लागली की दुसरी प्रत घ्या, आणि ती मुद्दाम वेगळ्या परंपरेची घ्या. पहिली इव्हँजेलिकल असेल तर दुसरी कॅथलिक किंवा विद्यापीठी. मग रोमकरांस पत्राचा नववा अध्याय काढा, जिथे पौल याकोब आणि एसावाची, कुंभाराची आणि मातीची गोष्ट काढतो, आणि देवाच्या निवडीबद्दलचे सगळ्यात अवघड प्रश्न विचारतो. दोन्ही प्रती शेजारी ठेवून त्या अध्यायावरच्या टिपा वाचा, आणि प्रत्येक टिपेनंतर पौलाकडे परत जा.